रुझार मेस्तांचा आगमनकाळ

गोवा मुक्त झाल्यावर सहा-सात वर्षांनी मी चोपड्याच्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. भाड्याची खोली मिळाली ती रुझार मेस्तांच्या शेजारी. मेस्त म्हणजे कपेलात, गावच्या छोट्या चर्चमध्ये, पोरांना गाणं नि व्हायोलिन शिकवणारे. त्यांची बायको केव्हाच वारली होती. हाताखालून तीन पिढ्या गेलेल्या, सूर पक्का आणि जीभ तिखट. मला मात्र ते मायेनं 'बाये' म्हणत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्यांची पत्रं मीच वाचून दाखवत असे.

नाताळाआधीच्या चार आठवड्यांना ते आगमनकाळ म्हणत. येशूची वाट पाहायचा काळ. त्यात ते मासळी कमी खात, सकाळी लवकर उठून प्रार्थना करत आणि घराला चुना काढून घेत. शहात्तर साली पहिल्या रविवारी मिसाहून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेहून, आले ते थेट माझ्या दारात.

"बाये, पाद्री आज म्हणाले, भिंतींना चुना लावता तो लावा, पण कुणाचं मन दुखवून विसरलात का, तेही आठवा. मला एक आठवलं."

आठवलं ते असं. तेवीस वर्षांपूर्वी नाताळाच्या गाण्यांची तालीम चालली होती. आंजेलिन नावाची बारा वर्षांची मुलगी बेसूर झाली. सगळ्यांसमोर मेस्त तिला म्हणाले, "तुझ्या गळ्यात कावळा बसलाय. उद्यापासून येऊ नकोस." ती आली नाही. पुढं लग्न होऊन नदीपलीकडं शिवोलीला गेली. गेल्या मे महिन्यात एका लग्नाच्या मिसाला ती मेस्तांच्या शेजारच्याच बाकावर होती. सगळे गात होते आणि ती ओठ मिटून उभी होती.

"पाद्रींकडे कुमसार केलात ना? पापाची कबुली दिलीत. झालं की मग," मी म्हटलं.

"देवाला सांगितलं. तिला कुठं सांगितलंय? शनिवारी माझ्याबरोबर येशील? पायऱ्या नीट दिसत नाहीत."

शनिवारी दुपारी आम्ही फेरीबोटीनं पलीकडं गेलो. एरवी बोटीवर चार जणांशी बोलणारे मेस्त त्या दिवशी ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होते.

आंजेलिन शिवणयंत्रावर बसली होती. नाताळाच्या कपड्यांचा ढीग शेजारी. मेस्तांना पाहून ती उठली, खुर्ची पुसून दिली. ते बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "आंजेलिन, कावळ्याची गोष्ट तुला आठवते?"

"आठवते. मला वाटलं, तुम्ही विसरला असाल."

"विसरलोच होतो. तेच जास्त वाईट."

"मला तीन मुलं झाली, मेस्त," ती शांतपणे म्हणाली. "एकालाही मी गाऊन निजवलं नाही. सासू गायची."

मेस्तांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता म्हातारा रडणार. पण ते रडले नाहीत, सबबही सांगितली नाही.

मग तिनंच विचारलं, "मी खरंच इतकी वाईट गात होते?"

"सूर चढला होता. त्या वयात सगळ्यांचाच चढतो. माझी बायको तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तो राग मी तुझ्यावर काढला. चूक माझी होती."

"हे तेव्हाच सांगायचं होतं."

"होय. सांगायचं होतं."

तिनं माफ केलं असं तोंडानं म्हटलं नाही. आत जाऊन चहा आणि ताजे उंडे पाव घेऊन आली. मेस्तांच्या हाताला कप लागेपर्यंत तिनं बशी सोडली नाही. चोपड्याला राहणाऱ्या आपल्या आईच्या गुडघ्यांविषयी, तिथल्या विहिरींविषयी बराच वेळ बोलली. परतताना मेस्त मला म्हणाले, "आज घरी जाऊन पोटभर जेवीन." गेले सहा दिवस ते नीट जेवले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

त्या नाताळाला आंजेलिन मुलांना घेऊन माहेरी आली. सकाळच्या मिसानंतर कपेलाच्या अंगणात नेवऱ्या नि दोदोल अशा नाताळच्या गोडाचं ताट घेऊन ती मेस्तांसमोर उभी राहिली. मी शुभेच्छा द्यायला तिथं गेलेच होते.

"मेस्त, आज मी गायले. अगदी हळू."

"मला काही ऐकू आलं नाही," मेस्त खरं तेच बोलले.

ती खळखळून हसली. "बरं झालं. सूर चढलाच होता."

मेस्तही हसले आणि दोदोलचा मोठा तुकडा तोंडात टाकला.

पुढं ते सात वर्षं जगले. दर आगमनकाळात एखाद्या दुपारी स्वच्छ शर्ट घालून कुणाकडेतरी जाऊन येत. कुणाकडे, ते मी कधी विचारलं नाही. परत आले की व्हायोलिन काढून ओट्यावर बसत, आणि मी खिडकी उघडी ठेवून वह्या तपासत असे.