आत काहीतरी वाजतंय

त्या वर्षांत मी हिंजवडीतल्या एका कंपनीत जपानी दुभाषी होते. दिवसभर दुसऱ्यांचं बोलायचं, स्वतःचं असं काहीच नाही. कामासाठी टोकियोला गेले की सुट्टीच्या दिवशी देवळाच्या आवारातला जुन्या वस्तूंचा बाजार धुंडाळायचा, एवढीच चैन. तिथून मी जुन्या लाकडी गुपित पेट्या आणायचे. वरून नक्षीचा बंद ठोकळा. एक बाजू केसभर सरकवायची, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. क्रम जमला की झाकण सुटतं. पेटी उघडली की माझं मन तिच्यावरून उडायचं आणि लगेच पुढची हवी असायची.

आई गेल्यावर बाबा पेठेतली जागा सोडून आमच्या बाणेरच्या फ्लॅटवर राहायला आले. त्यांना करमेना. गॅलरी ते दार, दार ते गॅलरी. माझं कपाट पाहून म्हणाले, "रिकाम्या पेट्या जपून ठेवायच्या, म्हणजे कमालच आहे."

"ही रिकामी नाही." मी एक पेटी हलवून दाखवली. आत काहीतरी वाजत होतं. पावसाळ्यात आणलेली, दमट हवेनं लाकूड फुगून बसलेलं. मला ती काही केल्या उघडत नव्हती.

बाबांनी ती हातात घेतली आणि खुर्चीत बसले.

मार्चमध्ये हवा कोरडी झाली. एका दुपारी जपानी पाहुण्यांबरोबर मीटिंग चालू असताना बाबांचा फोन आला. "उघडली," एवढंच म्हणून ठेवून दिला. पुढे मी काय भाषांतर केलं देव जाणे. येताना गाडी वाकडच्या गर्दीत अडकली, तेव्हा उतरून चालत सुटावंसं वाटलं.

घरी पेटी टेबलावर होती. बंद.

"बाबा, काय निघालं?"

"मी पाहिलं नाही. पेटी तुझी. झाकण सुटलं, तसं परत लावून टाकलं."

"मग उघडा ना आता!"

त्यांनी एक बाजू ढकलली, दुसरी ढकलली आणि थांबले. "कसं केलं ते आठवत नाही गं."

अलीकडे हे वाक्य ते वरचेवर म्हणत. मी चिडले, नको तेवढी. त्या रात्री ते नीट जेवलेही नाहीत.

रविवारी सकाळीच दोघं पेटी घेऊन बसलो. ते सांगतील ती बाजू मी सरकवायची. चहा गार झाला. एकदम झाकण हललं. बाबांनी माझं मनगट धरलं. "घाई करू नकोस."

आत शर्टाचं एक बटण होतं. शिंपल्याचं, टवका उडालेलं.

"बटण?" बाबा म्हणाले. "तुझ्या आईकडे डबाभर होती."

आई गेल्यापासून तिचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. आता तो डबाच हवा झाला. दुपारभर त्यांनी मला माळ्यावरची खोकी उपसायला लावली. डबा मिळाला नाही. पण आई दोरा दातानं कशी तोडायची, भांडण झालं की नेमकं त्यांचंच बटण लावायचं कसं राहून जायचं, हे ते सांगत राहिले. मी ऐकत होते, आणि टोकियोची पुढची खेप कधी, हा विचारही डोक्यात चालूच होता.