रिकाम्या तंबूचा खेळ

अठ्ठावन्न-एकोणसाठ सालची गोष्ट. दौंड तालुक्यातल्या जत्रा-बाजारांना तंबू ठोकणाऱ्या हौसरावांच्या टॉकीजचं यंत्र इलाही चालवायचा. यंत्राला तो कधी भ्यायला नाही. भ्यायचा तो सरकारी माहितीपटाला. खेळाआधी तो दाखवायचाच असा कायदा. दाखवला नाही तर लायसन जाणार, दाखवला तर लोक खवळणार. तलवारबाजी बघायला आलेल्या माणसासमोर कालव्याची खोदाई लावली की त्याचं डोकं फिरायचंच. पाटसला कुणीतरी दगड भिरकावला आणि पडदा टरकन फाटला. इलाहीच्या बायकोनं, लालबीनं, तो शिवून दिला. पण हौसरावांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर दुसरा ऑपरेटर बघीन.

मग इलाहीनं डोकं चालवलं. कायद्यात दाखवा म्हटलंय, कुणाला ते कुठं म्हटलंय? यवतला त्यानं दिवेलागणीला, दार उघडायच्या आधीच, रिकाम्या तंबूत माहितीपट उरकायला सुरुवात केली. कनातीतून उजेड आत यायचा, चित्र फिकट दिसायचं. बघायला तो एकटाच. दगड थांबले, पण जिवाला घोर लागला. तपासनीस कधी दारात उभा राहील याचा नेम नव्हता. रस्त्यावर मोटार थांबली तरी इलाही कनात सारून बाहेर डोकावायचा.

रोज बघून बघून त्या चित्रातली एक म्हातारी मात्र त्याच्या ओळखीची झाली. डोक्यावर मातीची पाटी घेऊन जाता जाता ती थांबते, थेट समोर बघते, पदर सावरते आणि हसते. ती हसल्याशिवाय इलाही बिडी पेटवत नसे.

तपासनीस आला तो नेमका बाजाराच्या दिवशी. भरल्या तंबूत दाखवा, मी बसतो, म्हणाला. हौसरावांचा चेहरा उतरला. इलाहीनं रीळ चढवलं. पडद्यावर कालवा आला आणि शिट्ट्या सुरू झाल्या. इलाही पडदा सोडून लोकांच्या हातांकडे बघत होता. एक दगड पडला की संपलंच सगळं. म्हातारी अजून यायची होती.

तेवढ्यात तपासनीस साहेब खुर्ची सोडून यंत्रापाशी आले.

"अजून किती आहे हो हे?" त्यांनी जांभई देत विचारलं.

"निम्मं हाय, साहेब."

"पुरे. पिक्चर लावा. आणि हे रोज लोक यायच्या आधीच उरकत चला. दाखवला असं मी कळवतो."

हौसरावांनी हात जोडले. इलाहीनं यंत्र थांबवलं तशा तंबूभर टाळ्या पडल्या. लायसन वाचलं, नोकरी वाचली. तरी साहेबांचा त्याला रागच आला. म्हातारी येईपर्यंत थांबले असते तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यानं रिकाम्या तंबूत माहितीपट लावला. आता मोटारीच्या आवाजाची भीती नव्हती. तपासनीससुद्धा येणार नव्हता. म्हातारी आली, थांबली, तिनं पदर सावरला.

"हसू नगं, आजे," इलाही म्हणाला, "हितं कुणी न्हाई."

ती हसलीच.