डब्ब्यातलं वजन

बिरसीजवळच्या त्या गावात शिवलाल बिसेनला लोक गमतीने पायलट म्हणत, आणि तो ते मनावर घेई. त्याच्याकडे लिलावात घेतलेली एक जुनी मोटारसायकल होती. तिच्या डाव्या अंगाला पत्र्याचा डब्बा जोडलेला आणि डब्ब्याखाली तिसरं चाक. विमान चालवायला शिकवणारी शाळा जवळच सुरू झाल्यापासून शिकाऊ पोरांची विमानं दिवसभर गावावर गिरक्या घेत. वळताना विमान वेग न घालवता एका अंगावर कलतं, याचा शिवलालने खाटेवर पडून नीट अभ्यास केला होता. तेव्हापासून तोही वळणावर वेग कमी करण्याच्या भानगडीत न पडता नुसता कलत असे. विमानाला पंख असतात आणि आपल्याला डब्बा आहे, एवढा बारीक फरक त्याने सोडून दिला होता.

तरी चार वर्षांत गाडी एकदाही उलटली नाही. त्याचं कारण डब्ब्यात बसत असे. ते कारण म्हणजे त्याची बायको धनवंता, अंगाने चांगली भरलेली. डावं वळण आलं की डब्बा जमीन सोडायला बघतो, हे तिला पहिल्याच महिन्यात बसल्या जागी कळलं होतं. ती वळणाच्या आधीच "हळू जी" म्हणे, आणि वळण लागलं की डावीकडे ओणवी होऊन डब्बा खाली दाबून धरी. उजव्या वळणावर ती गाडीकडे सरके. शिवलाल लोकांना कौतुकाने सांगे, "बाईमाणूस होय, भेते."

भिणारी ही बाई धान कापणीच्या दिवसांत, नवरा दुपारी घोरत असताना, खळ्यावरची पोती त्याच गाडीने घरी आणी. तीन चाकांची गाडी उभी राहिली तरी पडत नाही, पाय टेकवावा लागत नाही, त्यामुळे ती लवकर शिकली. पोती घरी आलेली शिवलालला दिसत. ती कशी आली, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

त्यांची मुलगी सोनिका नर्सिंगला होती, एक वर्ष बाकी होतं. गोंदियाच्या चुन्नीलाल टेंभरेंच्या मुलाचं स्थळ आलं आणि फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांच्या घरी जाऊन पक्कं करायचं ठरलं. धनवंताला तिथे एकच गोष्ट विचारायची होती, पोरीला शिक्षण पुरं करू द्याल का? आपण गेलो नाही तर हे कोणी विचारणार नाही, हे ती जाणून होती. बोलणी करणार होते तिचे भासरे, म्हणजे शिवलालचे थोरले भाऊ हिरालाल. एकर सोडून दुसऱ्या विषयावर त्यांना बोलताना कोणी ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी पेच पडला. भासऱ्यांसोबत एका गाडीवर भावसुनेने, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोने, बसायचं नाही, अशी रीत. मग धनवंताची जागा गेली. त्या जागी हिरालालनी बसावं, तर धाकटा वर आणि थोरला खाली, हे कसं व्हावं?

"मी का कोंबडी आहो, डब्ब्यात बसाले?" म्हणत ते शिवलालच्या मागे चढले. डब्बा रिकामा राहिला.

धनवंता पदर पुढे ओढून नवऱ्याला म्हणाली, "धानाचं एक पोतं तरी ठेवा जी डब्ब्यात. वळणावर उचलते तो."

"गाडी मी चालवून राहिलो का तू?"

"बोलणी कराले पोतं घेऊन कोण जाते?" हिरालाल भिंतीकडे बघत म्हणाले. "आन् बाईमाणसाचं तिथं काय काम? घरी राह्य म्हणा."

ती घरी राहिली नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावर ती बस धरायला पायीच फाट्याकडे निघाली. बसमध्ये कोणी कोणाचा भासरा नसतो.

फाट्याच्या अलीकडे नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलाशी रस्ता एकदम डावीकडे वळतो. तिथे शिवलाल विमानासारखा कलला. मागच्या हिरालालनी जिवाच्या भीतीने अंग नेमकं उजवीकडे टाकलं. डब्बा वर उठला, शिवलालने त्यात भर वळणावर ब्रेक दाबला, आणि सगळं लटांबर रस्ता ओलांडून उन्हाळी धानासाठी चिखलणी केलेल्या बांधीत, म्हणजे खाचरात, जाऊन पडलं.

धनवंता तिथे पोचली तेव्हा शेजारच्या बांधीतले दोघे-तिघे गाडी सरळ करून रस्त्यावर आणत होते. शिवलालचं मनगट सुजलं होतं. हिरालालना काही लागलं नव्हतं, फक्त ते ओळखू येत नव्हते. दोघं धड आहेत असं दिसल्यावर तिला राग आला, आणि तो बऱ्याच वर्षांचा होता.

दोघांनी नहरावर हातपाय धुतले. तिने साडी खोचली, किक मारली आणि लग्नानंतर बावीस वर्षांत पहिल्यांदा भासऱ्यांशी थेट बोलली.

"डब्ब्यात बसा जी. रिकामा राह्यला त पुन्हा बांधीत जाऊ."

हिरालालनी भावाकडे पाहिलं. पायलट आपलं मनगट बघत होता. ते डब्ब्यात बसले, शिवलाल तिच्या मागे.

वळण दिसलं की ती आधीच वेग कमी करी, वळणात ब्रेकला हात लावत नसे, आणि वळण सरळ झाल्यावरच गाडी पळवी. गोंदियापर्यंत सात डावी वळणं लागली. पहिल्या दोन वेळा तिने "दाबा" म्हटलं. पुढच्या पाचही वळणांवर भासरे न सांगता ओणवे झाले.

चुन्नीलालच्या बैठकीत चहा झाला, एकर मोजून झाले. हिरालालनी होकारासाठी घसा खाकरला, तेवढ्यात दाराशी उभ्या धनवंताने विचारलं, "पोरीचं एक वर्ष बाकी आहे. लगन झाल्यावर शिकू द्यान का?"

चुन्नीलाल हसले. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "भाईसाहब, तुमच्याकडे बैठकीत बाया बोलतात का? तुम्ही मोठे आहात, तुम्हीच सांगा, काय करायचं?"

हिरालालनी धोतराच्या काठाचा वाळलेला चिखल नखाने काढला.

"मले कायले विचारता? तिले उत्तर द्या," ते म्हणाले. "मी डब्ब्यात बसून आलो."