गेट्झेल बेकरीवाल्याची चाल

बायनिश लिख्टरला एखादी गोष्ट आवडली नाही, की तो ती दहादा चाखून बघतो. आवडली नाही याची खात्री नको का पटायला? बरो पार्क या आमच्या ज्यू वस्तीत, थर्टीन्थ अव्हेन्यूवर त्याचं हॅटचं दुकान आहे. भिजलेल्या, चेपलेल्या, लग्नाच्या गर्दीत कोणाच्या तरी बुडाखाली सापडलेल्या काळ्या हॅट त्याच्याकडे येतात. तो वाफ देऊन त्यांना पुन्हा आकारात आणतो आणि तोवर गिऱ्हाइकाला दोन शब्द सुनावतो. हॅट सुधारते, गिऱ्हाईक सुधारत नाही, हे त्याचं कायमचं गाऱ्हाणं.

सिम्खा पोलनर या गायकाचा मात्र तो भक्त. पोलनर येशिवात, धर्माच्या पाठशाळेत, शिकायला परगावाहून आला होता, तेव्हा दर शब्बाथला, शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, बायनिशच्या वडिलांकडेच जेवायचा. पुढे त्याने गिटार धरली, ढोल आणले, आपल्या प्रार्थनांना आजचा ठेका दिला आणि अख्खं बरो पार्क त्याच्या मागे लागलं. म्हातारे नाकं मुरडायचे, तेव्हा बायनिश त्याच्या बाजूने भांडायचा. म्हणूनच नवा अल्बम त्याला इतका झोंबला.

"काय रेब बायनिश, कसा वाटला अल्बम?" शेजारच्या मासळीवाल्या श्मेल्केने हॅट पुढे करत विचारलं.

"कसा वाटणार? सूप उकळलं आणि कोंबडी घालायचे विसरले! ढोल इतके, की देवाला शब्द ऐकू जायचे नाहीत. आणि ते चौथं गाणं... ते तर चोरीचं आहे."

"चोरीचं? चाल काय तुझ्या बापाची आहे?"

"हो, बापाचीच आहे!"

श्मेल्केचं हसू जागच्या जागी थिजलं.

खरंच बापाचीच होती. गेट्झेल लिख्टर आयुष्यभर पाव भाजत राहिला आणि त्याने एकच चाल बांधली, बिनशब्दांची. शब्बाथच्या तिसऱ्या जेवणाला, खिडकीत अंधारून आलं आणि दिवा लावायची अजून परवानगी नसली, की तो ती धरायचा. शब्बाथला यंत्र चालवायचं नाही, काही लिहायचं नाही. आणि इतर दिवशी कोणी कितीही गळ घातली तरी गेट्झेल म्हणायचा, "बुधवारीच वाढून टाकलं, तर शब्बाथला पानात काय पडेल?" त्यामुळे चाल कुठेच उतरून घेतली गेली नाही. टेबलावरचे जुने शेजारी एकेक करून गेले. बायनिशला मूलबाळ नाही. बाप गेल्यापासून त्याने ती तोंडाने म्हटलीही नव्हती. शब्बाथला तो ती नुसती मनात घोळवायचा.

आणि अल्बमवर छापलं होतं, 'चाल : पारंपरिक.'

"पारंपरिक!" बायनिश कडाडला. "माझा बाप पारंपरिक? मग त्याच्या दाढीतलं पीठही पारंपरिकच! चोरी केलीस ती केलीस, नीट तरी करायची. दुसऱ्या भागात माझे टाटे खाली उतरायचे, दिवसभर उभा असलेला माणूस बसतो ना, तसे. हा गाढव वर चढतो! कशासाठी? गिटार किंचाळावी आणि पोरांनी उड्या माराव्यात म्हणून!"

आमच्यात बऱ्याच घरांत इंटरनेट नसतं. गाण्याच्या चाहत्यांसाठी एक फोन लाइन आहे, तिथे आपलं मत बोलून ठेवायचं, बाकीचे ऐकतात. यंत्राने लाइन तोडेपर्यंत बायनिशने पोलनरला तासलं. दोन दिवसांनी खुद्द पोलनरने लाइनवर उत्तर ठेवलं.

"रेब बायनिश, तुमच्या घरचं मीठ खाल्लंय मी. लहान होतो, चुकलो असेन. बरोबर चाल म्हणून दाखवा. गेट्झेलांचं नाव घालून पुन्हा ध्वनिमुद्रण करतो."

बायनिशला याहून जास्त काय हवं होतं? त्या शब्बाथला बापाची पुण्यतिथीच होती. त्याने आईच्या घरचं आमंत्रण ठेवलं, "मामेच्या घरी ये, तिसऱ्या जेवणाला. कान धुऊन ये."

शब्बाथपर्यंत त्याला दम कुठला निघायला! येईल त्या गिऱ्हाइकाला तो चौथं गाणं लावून दाखवायचा. "हे बघ, इथे! ऐकलंस? इथे चढला मेला!" कोणाला कळलं नाही तर पुन्हा लावायचा. आठवडाभर दुकानात वाफ आणि चौथं गाणं, दुसरं काही नव्हतं.

शब्बाथला संध्याकाळी मामेच्या टेबलावर पाव होता, खारवलेले मासे होते. पोलनर होता, श्मेल्के होता, चार शेजारी होते. म्हातारी आई, ब्रायना, नेहमीसारखी स्वयंपाकघरात. अंधारून आलं. बायनिशने डोळे मिटले आणि चाल धरली.

पहिला भाग असा लागला, की श्मेल्केसारखा श्मेल्के खाली मान घालून बसला. मग दुसरा भाग आला आणि बायनिश वर चढला.

त्याचं त्यालाच कळलं. तो थांबला, मागे आला, पुन्हा धरली. पुन्हा वरच. तोवर मंडळींना ओळखीचं सापडलं होतं. टेबलावर थापा पडू लागल्या, सगळे मिळून वर चढले. पोलनरने तर आनंदाने त्याच्या गळ्यात हात टाकला. "म्हणजे माझं बरोबरच होतं की, रेब बायनिश!"

 बायनिशने डोक्यात खूप चाचपलं. जिथे बाप खाली उतरायचा, तिथे आता गिटार होती.

शब्बाथ संपला, दिवे लागले, मंडळी पांगली. बायनिश स्वयंपाकघरात गेला आणि स्टुलावर बसला.

"मामे, दुसऱ्या भागात टाटे खाली उतरायचे ना? कसे उतरायचे? एकदाच गुणगुणून दाखव."

ब्रायनाने हातातलं ताट खाली ठेवलं.

"मला कुठलं माहीत असणार, बायनिश? ते किती हळू म्हणायचे. मी इथे आत, आणि तिथे तुम्ही सगळे टेबल बडवत. मला नुसती धडधड ऐकू यायची." ती जराशी हसली. "आणि सगळ्यात जोरात बडवायचास तू."