फोन करायचा तर कुणाला?

बाबांची आणि मामाची जुंपली, तेव्हा ती दाराआड उभी राहून ऐकत होती. बाबा सरहद्दीवरच्या एका गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक, मामा अग्निशमन दलात. सकाळी हल्ल्याच्या इशाऱ्याचा सराव म्हणून मामाच्या दलानं भोंगा वाजवला होता आणि शाळेला कुणी कळवलंच नव्हतं. पोरं दप्तरं टाकून वाट फुटेल तिकडे पळाली होती.

"मला का नाही सांगितलंस?" बाबा कडाडले.

"तुम्ही विचारलंत कुठे, दाजी?"

"आज भोंगा वाजवणार का, असं रोज सकाळी तुझ्या दारात येऊन विचारू?"

"या संरक्षणाच्या गोष्टी आहेत. गावभर सांगत फिरायच्या नसतात!"

झालं, दोघांनी अबोला धरला. बसायचे एकाच खोलीत, पण बोलणं पोरीमार्फत. "तुझ्या बापाला सांग, चहा निवतोय." "तुझ्या मामाला सांग, मला डोळे आहेत." पोर दोन्हीकडचं जसंच्या तसं, त्याच ठसक्यात पोचवायची. आई कपाळाला हात लावायची. "अगं, थोडं गोड करून सांगावं!" ते काही तिला जमलं नाही, आणि पुढे त्यावरच तिनं पोट भरलं.

नदीपलीकडच्या देशाची भाषा तिनं बाजारात उचलली, शिकून पक्की केली आणि परराष्ट्र खात्यात दुभाषी म्हणून लागली. तिथे सगळे तिला ताई म्हणत. त्या कामाची रीतच अशी, की बोलणारा "मी" म्हणाला की दुभाष्यानंही "मी" म्हणायचं. सकाळी ती मंत्री असायची, दुपारी राजदूत. घरी आली की नवरा विचारायचा, "आज कोण होऊन आलीस? राजदूत असशील तर बस, चहा मी टाकतो."

"राजदूतच आहे."

"तू रोजच राजदूत असतेस गं!"

अशी वर्षं सरली. निवृत्ती तोंडावर आली आणि शेजारच्या देशाचे पाहुणे बोलणी करायला आले. बोलण्यांचं नाव एवढं लांब, की दारावरच्या पाटीत मावेना. राष्ट्रीय सुरक्षेच्या धोरणात दोन्ही देशांच्या नागरी खात्यांनी एकमेकांशी जुळवून घ्यावं, असा काहीसा अर्थ. सोप्या भाषेत सांगायचं तर, सीमेवर सैन्याचा सराव असला, भोंगे वाजणार असले, तर दवाखान्यांना, शाळांना आधी कळावं. इकडच्यांनी तिकडे सांगावं, तिकडच्यांनी इकडे.

ताईचा जीव या बोलण्यांत अडकला होता. गावी अजून तिची थोरली बहीण राहायची. मागच्या सरावाला पलीकडे भोंगा वाजला, इकडे कुणाला पत्ता नाही, आणि घाबरून पळताना बहिणीचा नातू शाळेच्या जिन्यात पडला, हात मोडून घेतला. आता हिवाळ्यात पुन्हा सराव होता. बहीण फोनवर म्हणाली होती, "तुमची मोठमोठी माणसं बसतात तरी कशाला गं? पोरांना आधी सांगायचं, एवढंच ना?"

शेवटच्या दिवशी सगळं जुळत आलं, आणि घोडं अडलं एका साध्या प्रश्नावर. पाहुण्यांचे म्होरके, उंच, वाळकुडे, हसऱ्या डोळ्यांचे आजोबा, त्यांनी विचारलं, "आम्ही फोन करायचा तर कुणाला?"

"आमच्या खात्याला," गृहखात्याचे साहेब म्हणाले.

"आम्हाला," संरक्षण खात्याचे साहेब त्याच दमात म्हणाले.

मग दोघं एकमेकांकडे वळून आपल्या भाषेत भांडू लागले.

"सीमेवरचं तुम्हाला काय कळतं हो?"

"आणि तुम्हाला माणसांतलं? तुमच्याकडे फोन केला की एकच उत्तर, साहेब जेवायला गेलेत!"

आता रीत अशी, की घरातलं भांडण पाहुण्यांना सांगायचं नसतं. दुभाष्यानं अशा वेळी पाणी प्यावं, छताकडे बघावं. पण ताईचं चित्त कुठे होतं कोण जाणे, नातवाच्या मोडक्या हातावर असेल. लहानपणची सवय उसळून आली आणि तिनं सगळं भांडण त्याच ठसक्यात पाहुण्यांच्या भाषेत सांगून टाकलं.

पलीकडच्या बाजूचे सगळे वळून दोन्ही साहेबांकडे बघू लागले. मधल्या खुर्चीवरच्या सचिव बाई, आपल्या बाजूच्या प्रमुख, त्यांनी हळू विचारलं, "ताई, काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

ताईनं जीभ चावली. "जे बोललं गेलं ते, बाई."

"सगळं?"

"जेवायला गेलेत, तेसुद्धा."

दोन्ही साहेब लालबुंद. ताईला वाटलं, संपलं. नोकरी तर संपतच आलीय, बोलणीही आपण बुडवली. तेवढ्यात आजोबा बोलू लागले आणि तिनं आवाज सावरून सांगायला घेतलं, "माझे हे दोन साहेब आहेत ना, यांना मी विमानात वेगवेगळ्या रांगांत बसवून आणलंय. आम्हालाही ठरवता आलेलं नाही, की तुम्ही फोन कुणाला करायचा."

पहिल्यांदा सचिव बाई हसल्या, मग टेबलाच्या दोन्ही बाजू. लाज एकदा दोन्हीकडे सारखी वाटली गेली, की लपवायला काही उरत नाही. जेवणाच्या सुट्टीआधी ठरलं: फोन दोन्ही खात्यांत नको, सीमेवरच्या जिल्हा कचेरीत हवा. पलीकडेही तसंच. कचेरीनं आधी दवाखान्यांना आणि शाळांना सांगायचं, मग दोन्ही साहेबांना.

"जेवायला गेले असले तरी," आजोबा म्हणाले. ताईनं तेही सांगितलं.

सह्यांआधी आजोबांनी तिथूनच फोन लावायला लावला. सीमेवरच्या कचेरीत कुणीतरी उचलला. "कोण बोलतंय?"

"मी शेजारच्या देशाकडून बोलतोय," आजोबांचं बोलणं ताईनं सांगितलं. "हिवाळ्यातल्या सरावाचा दिवस लिहून घ्या. आणि शाळेला आजच कळवा."

"कळवतो. पण बाई, तुमचा आवाज बाईचा कसा?"

सह्या झाल्यावर सचिव बाईंनी तिला बाजूला घेतलं. "चूक ती चूकच, ताई. पुन्हा असं करू नका."

"पुन्हा कधी, बाई? पुढच्या आठवड्यापासून घरीच आहे मी."

पाहुण्यांना विमानतळावर सोडणं हे दुभाष्याचं शेवटचं काम असतं. ताई गाडीत पुढे बसली. विमानतळावर सामान तोलणाऱ्या खिडकीवरच्या पोरीला आजोबांची बॅग जड वाटली. ताईनं दोन्हीकडचं बोलून मार्ग काढला, बुटांचा एक जोड बॅगेतून काढून आजोबांना हातात घ्यायला लावला. आजोबा आत जाईतो ती काचेशी उभी राहिली. मग ड्रायव्हरला म्हणाली, "चला, बाजाराकडून घ्या. भाजी न्यायचीय."