गीतफलकावरचा सात

आनंदराव शिरसाटांनी आयुष्यात कधी पत्ता हातात धरला नाही. दिवाळीत शेजारी तीन पानांचा डाव रंगला, की ते आपली खाट उलट्या दिशेला फिरवून झोपत. प्रभू क्रुसावर जीव सोडत असताना खाली शिपाई त्याच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकत बसले होते, हे लहानपणी कुणीतरी त्यांना इतकं रंगवून सांगितलं होतं, की जुगारी माणूस दिसला की तो त्यांना रोमन वाटायचा. त्या हिशेबानं पुलगावात रोमनांची वस्ती बरीच होती.

आठवडाभर गिरणीत सूत काढायचं आणि रविवारी चर्चमध्ये गीतफलक लावायचा, ही त्यांची दोन कामं. पहिल्याचा पगार मिळे, दुसऱ्याचा मान. फलक म्हणजे काळी लाकडी पाटी. तिच्या खाचांत आकड्यांचे पत्रे सरकवले, की आज पुस्तकातलं कितवं गीत गायचं ते मंडळीला कळे. पहिली दोन गीतं पास्टर मधुकरराव ठरवत. तिसरं आनंदरावांच्या मर्जीवर. त्या एका गीतावर त्यांनी बावीस वर्षं राज्य केलं.

१९७९ साली, थंडी सरता सरता, या राज्याला नजर लागली. चर्चसमोर नत्थूजींचा पानठेला होता. पानाला चुना लावता लावता नत्थूजी सट्ट्याचे आकडेही लिहून घेत. एका रविवारी उघड्या दारातून त्यांना तिसऱ्या गीताचा नंबर दिसला, २४५. तीन आकडे दिसले आणि बेरीज केली नाही, तर सट्टेवाल्याला पाणी पचत नाही. दोन, चार आणि पाच, अकरा. म्हणजे शेवटचा आकडा एक. सोमवारी सट्ट्यात एक आला. पुढच्या सोमवारीही फलकाचाच आकडा आला. पुलगावात सुवार्ता इतक्या वेगानं कधी पसरली नव्हती.

लोक दारातून डोकावू लागले. आनंदराव चिडले. त्यांनी फलक उचलला आणि बाहेरून दिसणार नाही असा, थेट आतल्या भिंतीवर टांगला. त्याचा परिणाम एवढाच झाला, की लोक आत येऊन बसू लागले. चाळीसची मंडळी सत्तरावर गेली. मागच्या बाकांवरची ती तीस माणसं प्रार्थनेला डोळे मिटत आणि उघडल्याबरोबर फलक बघत. मधुकररावांना वाटलं, प्रवचन लागू पडलं. त्यांनी बिशपसाहेबांना पत्र घातलं : एकदा येऊन बघा, पुलगाव जागं झालंय.

खरं काय ते एकट्या आनंदरावांना ठाऊक होतं. पण सांगावं, तर फलक हातचा जाणार. शिवाय एव्हाना चहाच्या टपरीवर लोक त्यांच्यासाठी बाक पुसून देऊ लागले होते.

"काऊन जी आनंदराव," नत्थूजी पान पुढे करत म्हणाले, "बारा दिवस झाले, सात आला नाई. तुमच्या देवाच्या ध्यानात आहे न?"

"जुगार पाप आहे, नत्थूजी."

"हो न. म्हनून तं तुमाले इचारून राह्यलो. पाप्याले इचारून काय फायदा?"

आनंदराव पान न घेता तरातरा घरी आले आणि ज्याची बेरीज सात होईल असा नंबर शोधू लागले. लावला त्यांनी एक पैसाही नाही. पण आकडा बरोबर आला, की ते गिरणीत छाती काढून शिरत, आणि चुकला की जेवत नसत. मे महिन्यात चार हवा होता, म्हणून त्यांनी ११२ लावला. मंडळीनं घामाच्या धारांत नाताळचं गीत गायलं.

"अवो," घरी शोभाबाईंनी विचारलं, "मे महिन्यात नाताळ काऊन आला? पुस्तक उघडून पाह्यलं होतं का नुसता नंबर?"

"भाजीत मीठ कमी आहे," आनंदराव म्हणाले.

जुलैत बिशपसाहेब आले. वयस्क माणूस, नुकतेच मोठ्या दुखण्यातून उठलेले. सातानं पुन्हा छळ मांडला होता. आनंदरावांनी पुस्तक न उघडता ३५९ लावला. पेटीनं सूर धरला, आणि बिशपसाहेबांकडे तोंड करून सबंध मंडळीनं शवपेटी घरातून उचलताना गातात ते गीत सुरू केलं. मागची तीस माणसं साताच्या आनंदात सर्वांत मोठ्यानं गात होती. साहेब शेवटच्या कडव्यापर्यंत उभे राहिले.

नंतर व्हरांड्यात, बिशपसाहेबांसमोर चहा ठेवून, मधुकररावांनी विचारलं, "आनंदराव, हेच गीत का?"

चष्मा घरी राहिला, असं म्हणता आलं असतं. पण दारात शोभाबाई उभ्या होत्या.

"मले सात पाहिजे होता, साहेब," आनंदराव म्हणाले, आणि मग सगळंच सांगून बसले.

मधुकरराव खुर्चीत टेकले. "म्हणजे ती तीस माणसं..."

"पाटीसाठी येतात."

"आणि तुम्ही?"

आनंदराव चपलेकडे बघत म्हणाले, "मी पन."

बिशपसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "चिठ्ठ्या प्रेषितांनीही टाकल्या होत्या," ते म्हणाले. आनंदरावांनी आशेनं मान वर केली. "दगा दिलेल्या शिष्याच्या जागी बारावा माणूस निवडायला. पण निकाल त्यांनी देवावर सोडला होता. तुम्ही देवालाच कामाला लावलंत. आणि मला पोचवायची एवढी काय घाई होती?"

सोमवारी सात आला नाहीच. फलक उतरला, पत्रे डब्यात गेले, आणि मधुकरराव गीताचा नंबर न सांगता पहिली ओळ सांगू लागले. दोन रविवारांत मागचे बाक ओस पडले. उरला एकटा टिकाराम, स्टेशनवरचा हमाल. फलकाचा आकडा आला तेव्हाही हा हरला होता. कारण सगळे तोच लावताहेत हे ऐकलं, की हा ऐन वेळी आपला आकडा बदलायचा.

हाताला काम न उरलेले आनंदराव त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"टिकाराम, पाटी तं गेली. आता काऊन आलास?"

"इथं बसलो का दोन घंटे लावता येत नाई जी," टिकाराम म्हणाला. "तेवढीच सुटका."

मधुकररावांनी पहिली ओळ सांगितली. आनंदरावांनी पुस्तक उघडून दोघांच्या मधे धरलं. गीताच्या नंबरावर मात्र त्यांनी अंगठा ठेवला होता, आणि तो टिकारामसाठीच होता असं नाही.