शेवंतीचा रेनकोट

आमची बाग म्हणजे दाराच्या पायरीपासून गेटपर्यंतचा तुकडा. दोन खाटा टाकल्या तर तिसरीला जागा उरायची नाही. पण पाऊस उघडला, ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि फुलं यायला लागली की तिथं रोज काहीतरी घडतं. फुलं देवाला जातात, वेणीत जातात, सुकतात. किस्से मात्र कुणी नेत नाही, ते आमच्याच दारात साठत राहतात. मी चारचौघांत फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत!

*

पहिला पारिजातकाचा. झाड आमचं, पण निम्म्या फांद्या तानाजीमामांच्या अंगणात. तानाजीमामा आमचे शेजारी. तरुणपणी कुस्ती खेळायचे, आता म्हशी पाळतात. त्यांना हळू बोलता येत नाही. आमच्या गडमुडशिंगी गावावरून विमान खाली उतरत असलं तरी मामांचं बोलणं थांबत नाही आणि आपल्याला सगळं ऐकू येतं!

पारिजातक रात्री गळतो. सकाळी मामा धार काढायच्या आधी आपल्या बाजूची फुलं वेचतात आणि ताटली घेऊन आमच्या दारात हजर होतात.

"वहिनी, तुमची पोरं रातभर आमच्याकडं हुंदडत हुती. घ्या ताब्यात!"

आई निम्मी फुलं ओंजळीत घेते आणि निम्मी ताटलीतच ठेवते.

"ऱ्हाऊ द्यात की थोडी. मामाच्या गावाला आल्यात!"

*

झेंडूचा किस्सा गेल्या वर्षीचा. आदल्या दसऱ्याचं तोरण आईने कुंपणाजवळ टाकलं होतं, त्यातूनच रोपं उगवली आणि ऐन वेळेला भरभरून फुलली. आईने मनात तोरणाची लांबीसुद्धा ठरवली होती.

खंडेनवमीला सकाळी बघते तर झाडांवर नुसते देठ! पप्पा कागल पंचतारांकित एमआयडीसीत लेथ मशीन चालवतात. पहाटे पहिल्या शिफ्टला जाताना त्यांनी सगळा झेंडू पिशवीत भरून नेला होता, मशीनला हार घालायला.

संध्याकाळी ते घरात पाऊल टाकतात तोच आई म्हणाली, "देवाला चार फुलं ठेवायची न्हाईत व्हय? मशीन काय जेवाय वाढतंय तुम्हाला?"

पप्पांनी डबा खाली ठेवला. जरा विचार केला.

"व्हय की. तेच वाढतंय."

 दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या जेवणात आईने पप्पांच्या ताटात न विचारता आणखी एक पुरणपोळी ठेवली.

"एवढी कुणाला?"

"तुमच्या मशीनला!"

*

आता शेवंती. ही पिवळी शेवंती आजीची, म्हणजे आईच्या आईची. आजीचं गाव नदीकाठी आहे. पुराच्या साली तिच्या परसात पाणी साचून राहिलं आणि सगळी शेवंती कुजली. त्याआधी आईने एक रोप आमच्याकडे आणून लावलं होतं, तेवढं वाचलं. म्हणून आजी फोनवर आमची खुशाली नंतर विचारते, आधी विचारते, "शेवंती काय म्हणतीया?"

गेल्या वर्षी ती काहीच म्हणत नव्हती. झाड हिरवंगार, उंच, पण कळी म्हणून नाही. आईने शेणखत घातलं, ताक घातलं, चहाचा चोथा घातला. शेवटी मीठमोहऱ्यांनी दृष्टसुद्धा काढली!

तानाजीमामांनी कुंपणावरून निदान केलं, "वहिनी, खुराक जास्त झालाय. पैलवान हुईल ती, पण फूल काय द्यायची न्हाय!"

आणि नेमका तेव्हाच आजीचा फोन आला. आईने त्या हिरव्या झाडाकडे बघत सांगितलं, "आल्यात की फुलं आये, ढीगभर!"

यंदा श्रावणात आजीने कळवलं, "दिवाळीला येतो. फुलं डोळ्यांनी बघतो आणि एक रोप परत घिऊन जातो." (आजी बाईमाणूस असूनही 'येतो'च म्हणते, आमच्याकडे म्हाताऱ्या बायका तशाच बोलतात.)

फोन ठेवल्यावर आई शेवंतीचं एकेक पान उलटून कळी शोधायला लागली.

*

मला चारचौघांत बोलता येत नसलं तरी बघता येतं. शेवंतीची एक फांदी पाण्याच्या टाकीमागे वाकली होती. गणपती गेल्यावर मला दिसलं की फक्त त्या फांदीला बारीक कळ्या धरल्यात. बाकी झाडाला एकही नाही. खत तेच, पाणी तेच. मग त्या फांदीचं वेगळं काय?

संध्याकाळी शाहूपुरीतल्या क्लासवरून परत आले आणि उत्तर डोक्यावरच पेटलेलं दिसलं. खांबावरचा दिवा! टाकीमागे तेवढा त्याचा उजेड पोहोचत नव्हता.

हा दिवा गेल्या वर्षीच बसलाय. आधी गल्लीत मिट्ट अंधार असायचा. मला क्लासवरून यायला भीती वाटते, हे मी फक्त आईला सांगितलं होतं. आईने मामांना सांगितलं आणि मामा ग्रामपंचायतीत जाऊन त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलले. दिवा त्याच आठवड्यात बसला!

शंका खरी की खोटी, हे विचारायचं तर विज्ञानाच्या मॅडमना. मी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी उभी राहिले. सुट्टी संपत आली तरी उभीच. शेवटी मॅडमच बाहेर आल्या. मी एका दमात सगळं सांगितलं.

"अगदी बरोबर पाहिलंस," मॅडम म्हणाल्या. "शेवंतीला कळ्या धरायला लांबलचक काळोख लागतो. दिव्यामुळे तिची रात्रच होत नाहीये."

मग माझ्याकडे बघून हसल्या. "पाचवीपासून शिकवतेय तुला. पहिल्यांदा तोंड उघडलंस, तेसुद्धा शेवंतीसाठी!"

*

दिवा काढा म्हणायची कुणाची हिंमत नव्हती, आणि इच्छाही नव्हती. पप्पांनी त्यांचा जुना काळा रेनकोट काढून दिला. शेवंतीला आधाराला काठी होतीच, त्यावर रेनकोट घातला, टोपी चढवली, बटणं लावली. रोज दिवे लागायच्या आधी घालायचा, सकाळी काढायचा. हे काम माझं.

पहिल्याच संध्याकाळी मामा डेअरीत दूध घालून परत येत होते. आमच्या दारात थांबले.

"पावणं, भाईर का हुबं? आत बसा की!"

पाव्हणं काही बोललं नाही.

मामांनी किटली खाली ठेवली. "वहिनी! पावणं आल्यात, च्या ठेवा! लई लाजाळू दिसत्यात, वैशूच्या वळणावर गेल्यात!"

वैशू म्हणजे मी. मी खिडकीत होते. इतकी हसले की मला बाहेर येऊन सांगताच येईना!

*

बातमी गल्लीभर झाली. समोरच्या कमलकाकूंनी त्यांच्या जास्वंदीवर जुनं लुगडं टाकलं. त्यांच्या जावेने गुलाबाला पोतं नेसवलं. काही गरज नव्हती, पण त्यांना सांगणार कोण? संध्याकाळी गल्लीत शिरलं की सगळ्या झाडांना ताप आल्यासारखं वाटायचं!

मामांनी मात्र त्यांच्या झाडांना काही पांघरवलं नाही. उलट कुठल्या दिवशी मला क्लासवरून उशीर झाला, तर दारातून त्यांचाच आवाज यायचा, "वहिनी, पावण्याला कपडे घाला, दिवा लागतोय!"

आणि कळ्या धरल्या. आधी मोहरीएवढ्या, मग हरभऱ्याएवढ्या. धनत्रयोदशीला पहिलं फूल उमललं. आई शेवंतीपुढे उभी राहून डोळे पुसत होती आणि मला म्हणत होती, "ऊन लई हाय आज."

*

त्याच संध्याकाळी आजी आली. पिशवी न ठेवता आधी शेवंतीपाशी गेली. फुलाला हात लावला, कळ्या चाचपल्या. तेवढ्यात दिवे लागायची वेळ झाली, मी रेनकोट घेऊन आले, आणि आईला सगळं सांगावंच लागलं. गेल्या वर्षीचं 'ढीगभर'सुद्धा.

आजीने सगळं ऐकून घेतलं. वर खांबाकडे बघितलं.

"ह्यो दिवा कशापायी बसवला?"

आईने माझ्याकडे बोट केलं. "हिला अंधारातनं यावं लागायचं."

आजी "हं" म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तानाजीमामांच्या आरोळीनेच गल्ली उठली.

"अहो, खांबाला फूल कुणी घातलंय?"

सगळे बाहेर आले. लाईटच्या खांबाला, आजीचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर, दोऱ्याने एक पिवळी शेवंती बांधलेली होती.

आजी आमच्या पायरीवर चहा पीत बसली होती. बशी खाली ठेवून म्हणाली,

"रातभर जागा असतोय की त्यो!"